ठिपका मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत स्मार्ट टीव्ही बसवल्याचे फोटो आपल्या जिल्हा पानावर नेहमी दिसतात. आनंदच वाटतो. पण त्या पडद्यासमोर मुले काय करतात? मी पाहिलेल्या बऱ्याच वर्गांत ती हाताची घडी घालून व्हिडिओ बघतात.

मी चोपडा तालुक्यात गणित शिकवतो. ‘एकाच कंसात आंतरलिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात’ हे दहावीच्या भूमितीतले प्रमेय मुले पाठ करायची, पण ते त्यांना पटलेले नसायचे. दोन वर्षांपासून मी ते जिओजेब्रावर घेतो. ऑस्ट्रियात २००१ मध्ये सुरू झालेले हे सॉफ्टवेअर शाळेसाठी फुकट आहे आणि एकदा संगणकावर उतरवले की नेट लागत नाही. वर्तुळ काढायचे, कंसाची दोन टोके पक्की करायची आणि तिसरा बिंदू मुलांनी माउसने ओढायचा. कोनाचे माप शेजारी दिसत राहते. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, “सर, ठिपका कथाबी लई जा, कोन तितलाच ऱ्हास!” (ठिपका कुठेही न्या, कोन तेवढाच राहतो!) मग दुसऱ्याने तो टोकापलीकडे नेला, तर माप बदलले. दोन्ही मापांची बेरीज १८० भरते हे त्याने वहीत मांडून दाखवले. वर्तुळातल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० अंश, हे चक्रीय चौकोनाचे प्रमेय तिथेच हाती आले! सिद्धता मी फळ्यावर खडूनेच केली, पण ‘असं का होतं?’ हे आधी मुलांनी विचारले होते.

व्हिडिओ वाईट नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत आमची पाच-सहा मुले गैरहजर असतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून सरकारच्या दीक्षा ॲपवरचा धडा मोबाइलमध्ये उतरवून ठेवला, तर ती परतल्यावर त्यांना दाखवता येतो.

अडचण आमच्या प्रशिक्षणात आहे. दिवसभर पीपीटी बघायची, माउसला हात लागत नाही. जसे आम्हाला शिकवतात, तसेच आम्ही वर्गात शिकवतो. प्रशिक्षण आखणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: प्रत्येक शिक्षकाला पुढच्या महिन्यात शिकवायचे प्रकरण घेऊन बोलवा आणि त्यावरची फाइल त्याच्याकडूनच तयार करून घ्या. मुख्याध्यापकांनीही ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले संगणक आठवड्यातून दोन तास तरी मुलांसाठी मोकळे ठेवावेत, शक्यतो सकाळचे, लाइट असते तेव्हा.

आपला,
एक गणित शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव