विषय : सहा फुटी रीफ पॅकेजचा अपुरा सम्प, वाहून गेलेलं खारं पाणी आणि तुमच्या तांत्रिक विभागाची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

महोदय,

तुमच्या सिनियर टेक्निकल एक्झिक्युटिव्हशी बोलून आत्ताच फोन ठेवला. खरं तर त्यांनीच ठेवला. त्यामुळे आता जे काही बोलायचं ते लेखी.

तुमचं ६ × २ × २ फुटांचं रीफ पॅकेज, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांची टाकी, माझ्या हॉलमध्ये आहे. टाकी, स्टँड, सम्प (स्टँडमधली खालची टाकी), पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, घाण फेसातून काढणारा स्किमर, चिलर, आटलेलं पाणी भरून काढणारा ऑटो टॉप-ऑफ, सगळं तुमचं आणि सगळं तुमच्याच माणसांनी बसवलेलं. लाइट गेले की सम्प भरून वाहतो आणि खारं पाणी फरशीवर येतं. कधीतरी नव्हे, दर वेळी. पुण्यात गुरुवारी देखभालीच्या नावाखाली वीज बंद असते हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. तुमचं शोरूमही पुण्यातच आहे, तेव्हा ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली असावी.

आकडे देतो. तुम्हाला ते ठाऊक असणारच, पण तुमच्या फोनवरच्या मंडळींना नाहीत. टाकीचं क्षेत्रफळ १२ चौरस फूट, म्हणजे पाणी एक इंच उतरलं की साधारण २८ लिटर खाली येतं. रिटर्नचं नोझल तुमच्या माणसाने वियरच्या (ज्या काठावरून पाणी सम्पमध्ये सांडतं त्याच्या) पातळीच्या तीन इंच खाली बुडवलं आहे. पंप थांबला की नोझल उघडं पडेपर्यंत सायफन चालू राहतो, म्हणजे पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येत राहतं. झाले ८५ लिटर, पाइपातलं पाणी वेगळंच. सम्प आहे ३६ × १५ × १६ इंचांचा. स्किमरसाठी त्यात दहा इंच पाणी हवं असं तुमचंच मॅन्युअल म्हणतं, म्हणजे वर उरले सहा इंच. त्यात मावतं ५३ लिटर. ८५ मधून ५३ वजा केले की राहतात ३२, आणि ते ३२ लिटर माझ्या हॉलमध्ये. हे गणित करायला मरीन बायोलॉजी लागत नाही, वजाबाकी लागते. ज्याने हे डिझाइन केलं त्याने ती केली नाही, आणि ज्याने पास केलं त्यानेही केली नाही.

उपाय काय तो मलाही कळतो. नोझल वर घ्यायचं, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून पाण्याच्या पातळीला लागून सायफन ब्रेकचं भोक पाडायचं आणि सम्प मोठा द्यायचा. पहिली दोन कामं मी स्वतः अर्ध्या तासात करीन. पण तुमच्या वॉरंटी कार्डावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘प्लंबिंगमध्ये फेरफार केल्यास वॉरंटी रद्द.’ म्हणजे चूक तुम्ही करणार, दुरुस्त तुम्ही करणार नाही आणि आम्ही केली तर शिक्षा आम्हाला. वा!

पहिल्या वेळी नुकसान फक्त फरशीवर थांबलं नाही. लाइट आले, पंपाने पाणी वर चढवलं, सम्पची पातळी उतरली आणि तुमच्या ऑटो टॉप-ऑफने इमानेइतबारे बाष्पीभवन झालं असं समजून तीसेक लिटर आरओचं गोडं पाणी आत ढकललं. एकूण पाणी पावणेसातशे लिटरच्या आसपास आहे. सकाळी ३५ असलेली सॅलिनिटी (हजार भागांत मीठ किती ते) रात्री ३३ वर. मासे तेवढं सोसतात, कोळंबी सोसत नाही. क्लीनर श्रिंप दुसऱ्या दिवशी खडकामागे पालथी पडलेली मिळाली. लेदर कोरल या मऊ प्रवाळाने सगळे पॉलिप (इवली तोंडं) आत ओढले ते कितीतरी दिवस बाहेर काढले नाहीत. शिवाय वाढलेल्या पाण्यात स्किमर बुडून उसळला आणि कपात साठलेली घाण परत सम्पमध्ये. तो वास कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. किंवा सांगायला हवा, कारण तुमच्या माणसाने तो घेतला आणि म्हणाला, ‘फिशला फीड कमी करा, सर.’

दुसऱ्या वेळी प्रकरण जिवावर बेतलं असतं. तुमच्या माणसाने स्टँडच्या आत, सम्पच्या शेजारी, थेट तळावर एक्स्टेंशन बोर्ड ठेवला होता. वायरींना ड्रिप लूप (पाणी बोर्डाकडे न जाता खाली गळावं म्हणून ठेवलेला झोळ) नाही, काही नाही. खारं पाणी बोर्डात शिरलं. आमच्या सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनने आग्रह करून ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यायला लावली होती, ती पडली म्हणून मी आज हे पत्र लिहितोय. तुमच्या पॅकेजमध्ये आरसीसीबीचा उल्लेखही नाही. दुपारी लाइट आले तरी टाकी बंदच राहिली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत होते आणि टाकीत पाण्याची हालचाल शून्य. पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला वाचवणारी गोष्ट तुम्ही ‘कम्प्लीट’ पॅकेजमधून वगळता आणि निळ्या दिव्याचा रिमोट मात्र दोन-दोन देता.

आता खालच्या मजल्याबद्दल. आमच्याखाली राहणाऱ्या काकूंच्या हॉलला पीओपीचं सीलिंग आहे. त्यावर आधी तपकिरी वर्तुळ उमटलं, मग ते वाळून त्याच्या कडेने पांढरे दाणे धरले. काकू मला हात धरून खाली घेऊन गेल्या, स्टुलावर चढल्या, नखाने तो दाणा खरवडला, जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘अहो, हे खारट आहे! माझ्या डोक्यावर समुद्र आणून ठेवलात की काय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे असायला हवं. सीलिंगचा खर्च मी काकूंना देऊन मोकळा झालोय, बिल सोबत जोडलं आहे.

आणि आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या कंपनीचं नेमकं काय झालंय ते त्यात आहे. आधी नेहमीची मुलगी, नेहमीचा प्रश्न, ‘आपली समस्या काय आहे सर?’ तक्रार क्रमांक देऊनही समस्या पुन्हा पहिल्यापासून सांगायची, हा तुमच्याकडचा रिवाज आहे असं दिसतं. सांगितली. तिने फोन ‘सिनियर’कडे दिला. सिनियरांनी सगळं ऐकून घेतलं (निदान मध्ये बोलले नाहीत), आणि मग अत्यंत प्रेमाने म्हणाले,

‘काका, टाकीत पाणी जरा कमी भरत जा ना. काठोकाठ कशाला भरता?’

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, अहो, ही ओव्हरफ्लो टाकी आहे. वरची पातळी वियर ठरवतो, मी नाही. पाणी कमी केलं तर ते सम्पमधून कमी होईल.

‘हां, मग सम्पमध्ये कमी ठेवा.’

म्हटलं, सम्पमध्ये कमी ठेवलं तर स्किमर चालणार नाही, पंप हवा ओढेल आणि सगळ्या टाकीत बुडबुडे. दहा इंच हे तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय.

‘कुठलं मॅन्युअल?’

हे तुमच्या सिनियर टेक्निकल एक्झिक्युटिव्हचे शब्द आहेत. कुठलं मॅन्युअल! मी त्यांना पान क्रमांक सांगितला. त्यांनी ‘एक मिनिट होल्ड करा’ म्हणून मला बासरी ऐकवली. बासरी संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. मग परत येऊन म्हणाले, ‘काका, आमच्या बाकी कुठल्याच कस्टमरला हा प्रॉब्लेम नाहीये. आणि लाइट जाते हा महावितरणचा इश्यू आहे, त्यात कंपनी काय करणार? आणि वॉरंटी काचेच्या जोडाला आहे. काच गळतीय का? नाही ना?’ मी गप्प. त्यांना वाटलं मला पटलं. त्यामुळे उत्साह वाढून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला,

‘आणि काका, मीठ कुठलं वापरता? घरातलं, का खडे?’

पावणेसातशे लिटरच्या रीफ टाकीत, जिची अल्कॅलिनिटी ८.५ आणि कॅल्शियम ४२० वर राहावं म्हणून मी दर रविवारी टेस्ट किट घेऊन बसतो, तिच्यात मी स्वयंपाकघरातलं मीठ टाकतो का, असं मला तुमच्या कंपनीने विचारलं. मीठ तुमच्याच पॅकेजमधलं आहे हो! तुमच्याच शिक्क्याची बादली. आणि विषय निघालाच आहे तर तेही पुरेसं नव्हतं. लिटरला ३८ ग्रॅमने पंचवीस-सव्वीस किलो लागतं आणि तुम्ही दिलेली बादली २० किलोची. हेसुद्धा मी तेव्हाच कळवलं होतं, त्याचंही उत्तर आलेलं नाही.

शेवटी त्यांनी मला बॅटरी बॅकअप विकायचा प्रयत्न केला. ‘ऑफर चालू आहे काका, आजच्या दिवस.’ मी म्हटलं, म्हणजे तुमचा सम्प लहान आहे म्हणून मी बॅटरी घ्यायची? यावर फोन ठेवण्यात आला.

तुमचा जो माणूस मध्ये घरी येऊन गेला त्याच्याबद्दलही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. प्लंबिंगकडे त्याने बघितलं, मान हलवली आणि ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकू, चार्जेबल आहे’ म्हणाला. खाऱ्या पाण्यात त्या व्हॉल्व्हच्या आतल्या झडपेखाली वाळूचा एक कण किंवा कवचाचा एक कपचा अडकला की तो मिटत नाही. या छंदात महिनाभर घालवलेल्या माणसालाही हे कळतं. बरं, ते राहू दे. जाताना तो हळू आवाजात म्हणाला, ‘नाराज नका होऊ साहेब, मंडपमचा लाइव्ह रॉक आणून देतो, हार्ड कोरलसकट. बिल नाही मिळणार.’ साहेब, खडक बांधणारे सगळे प्रवाळ, म्हणजे तेच हार्ड कोरल, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. तामिळनाडूत मंडपमजवळच्या मन्नारच्या आखातातून उपटलेला रीफचा तुकडा तुमचा गणवेश घातलेला माणूस मला नुकसानभरपाई म्हणून देऊ करत होता. मी मुद्दाम कोरड्या खडकावर, सॉफ्ट कोरलवर टाकी उभी केली ती याच कारणाने. तुमच्या व्यवस्थापनाला हे माहीत असेल तर वाईट आहे. माहीत नसेल तर जास्त वाईट आहे.

स्टँडचं दोन वाक्यांत सांगतो. माहितीपत्रकात ‘मरीन प्लाय’ लिहिलंय. पाणी शिरल्यावर तळाची लॅमिनेटची पट्टी सुटली, फळी चहात मुरलेल्या पावासारखी फुगली आणि आतून जो तपकिरी भुसा सांडला तो एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा आहे. त्या भुशावर आज काच, खडक आणि पाणी मिळून जवळजवळ एक टन वजन उभं आहे, आणि त्यासमोर माझी नात खुर्ची टाकून मासे बघत बसते.

वाईट याचं वाटतं की मी काही तुमचा नवा ग्राहक नाही. तुमची पहिली गोड्या पाण्याची टाकी अजून माझ्या भावाकडे धडधाकट आहे. तेव्हा तुमचं दुकान एका गाळ्यात होतं आणि मालक स्वतः फोन उचलायचे. एकदा सिलिकॉनबद्दल शंका विचारली तर संध्याकाळी स्कूटरवरून घरी आले, बॅटरीच्या उजेडात चारही कोपरे तपासले आणि चहा घेऊन गेले. पैसे घेतले नाहीत. त्याच भरवशावर मी दुसरं कोणाचं कोटेशन मागवलं नाही आणि चार मित्रांनाही तुमच्याकडे पाठवलं. त्यातल्या दोघांना आता मीच थांबवलं आहे.

माझं म्हणणं असं. नोझल, सायफन ब्रेक आणि सम्प तुम्ही तुमच्या खर्चाने बदलून द्यायचे, आणि नवा सम्प बसवल्यावर माझ्यासमोर पंप बंद करून दाखवायचा. स्टँड खऱ्या मरीन प्लायचा किंवा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचा द्यायचा, टाकी रिकामी करून परत भरण्याच्या मिठासकट. वायरिंग जमिनीपासून वर, ड्रिप लूपसह. काकूंच्या सीलिंगचं बिल भरायचं. आणि माझ्या घरी बेकायदा प्रवाळ देऊ करणाऱ्या माणसाचं काय केलंत ते लेखी कळवायचं.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथूनही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील करावाच असंही नाही. २०१९च्या कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाला पुण्याला यावं लागेल. बोर्ड, भुसा, सीलिंग, वाहणारा सम्प, सगळ्याचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ आहेत. बिनबिलाच्या लाइव्ह रॉकची गोष्ट वनखात्यालाही सांगता येईल, याची आठवण करून देतो.

फोन करू नका. ‘काका’ तर मुळीच म्हणू नका. लेखी उत्तर द्या.

आपला,
सहा फुटी रीफ पॅकेजचा ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : खरेदीचं बिल, सीलिंगचं बिल, फोटो

ता. क. : सहा किलो मीठ अजून तुमच्याकडून यायचं आहे.