आबांच्या डोळ्यांत समुद्र कुठून आला?

रावेर

चि. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेली गोष्ट मिळाली. केळीला पाणी सोडून बांधावर बसून वाचली. वादळात आपली केळीची बाग आडवी झाली ती रात्र तू लिहायला घेतलीस, याचं बरं वाटलं. आता हातचं न राखता सांगतो.

‘आबांचे डोळे समुद्रासारखे खोल झाले’ असं तू लिहिलंस. व्याकरणात काही खोट नाही. उपमेय आहे, उपमान आहे, ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्दही जागेवर आहे. पण आबांनी समुद्र पाहिलाय कुठे? आणि गोष्ट सांगणारी तुझी ती दहा वर्षांची मुलगी, तिनं तरी कुठे पाहिलाय? मग तो आला तो शाळेच्या निबंधातून.

बहिणाबाई आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या, जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ ही उपमा सुचायला हाताला चटके बसलेले असावे लागतात. आणि ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ म्हणताना त्या ‘जसं’सुद्धा ठेवत नाहीत, मन म्हणजे ढोरच. परीक्षेत याला रूपक म्हणतात. ढोर हाकलून हाकलून दमलेल्या बाईलाच ते दिसणार. तुला आबांच्या डोळ्यांसाठी काही हवंच असेल तर आपल्या शिवारात शोध. नाही सापडलं तर नुसतं ‘आबा बोलले नाहीत’ एवढं लिही, पुष्कळ झालं.

‘आभाळ रडत होतं’ हेही काढ. ही चेतनगुणोक्ती, आणि ती वाईट असते असं नाही. बालकवी धरणगावचे, त्यांच्याकडे निसर्ग जिवंत माणसासारखा वावरतो. पण त्या रात्री आभाळ रडलं नाही गं, त्यानं आपली वाट लावली. त्यापेक्षा पानं फाटल्याचा आवाज लिही. तो तू ऐकलास, माझ्याजवळच उभी होतीस. लाइट गेलेली, दिसत काहीच नव्हतं, म्हणजे त्या प्रसंगात कानच महत्त्वाचे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. सकाळी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग जमिनीवर पाहून आबा म्हणाले होते, ‘चला, यंदा कमळं मोडायची मजुरी वाचली.’ कमळं म्हणजे घडाच्या टोकाची केळफुलं. कुणी हसलं नाही. हे वाक्य तू गाळलंस! त्यात अलंकार दिसला नसेल. अगं, यालाच उपरोध म्हणतात: तोंडावर फायद्याचा हिशेब आणि समोर वर्षाची कमाई चिखलात. त्याऐवजी तू आबांना नशिबावर अर्धं पान भाषण दिलंस. तुझे आबा अर्धं पान कधी बोललेत?

मोठ्या मायच्या तोंडीही पुस्तकी मराठी नको. ती ‘केळी’ म्हणत नाही, ‘केयी’ म्हणते. तसंच येऊ दे. निवेदन तुझ्या भाषेत राहिलं तर पुण्याच्या पोरींनाही अडणार नाही.

बारीकसं एक. गोष्ट ‘मी’ सांगते, मग बँकेत आबांच्या मनात काय आलं ते त्या पोरीला कसं कळलं? ती तर घरी होती. एक तर तिला बँकेत ने, नाहीतर आबा परत आल्यावर चपला कशा काढतात तेवढंच तिला बघू दे. मला दुसरं पसंत आहे.

अनुप्रास राहू दे, ‘वादळ, वारा, वीज’ कानाला बरं लागतं. शेवटचा ‘शेतकऱ्याने खचू नये’ हा परिच्छेद मात्र पूर्ण काढ. आबा तो वाचून म्हणतील, हे कुणाला सांगते?

दुरुस्त करून पाठव, पण टाइप करून. मोठ्या मायला मीच वाचून दाखवणार आहे आणि तुझं अक्षर मला लागत नाही.

तुझा,
पप्पा