यंत्र अभियंत्यांना प्रयोगशाळेची वाट दाखवा

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलांना पुण्याचे वाहन कारखाने नाहीतर स्पर्धा परीक्षा, एवढ्या दोनच वाटा ठाऊक असतात. माझी मुलगी गेल्या वर्षी जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळांसाठी स्वयंचलित यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाली, तेव्हा हे काम जीवशास्त्राचेच असणार, असे मलाही वाटले होते. प्रत्यक्षात तिचा दिवस मोटर, स्क्रू आणि बेअरिंग यांच्यातच जातो. द्रव नमुने ठेवायच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये शेजारच्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंत ९ मिलिमीटर अंतर असते, ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये ते ४.५ मिलिमीटरवर येते आणि यंत्रातल्या पिपेटचे, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या नळीचे, टोक प्रत्येक वेळी नेमके तिथेच उतरावे लागते. एक थेंब शेजारच्या खळग्यात उडाला तर प्रयोग कसा वाया जातो, हे ती कामावरच शिकली. जिनिंगच्या यंत्रांची खडखड ऐकत वाढलेल्या मुलांना हे जमणार नाही, असे मी मुळीच मानत नाही. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याला कृषी विद्यापीठ असताना आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तेथील प्रयोगशाळांच्या गरजांवर बेतावेत, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, दारव्हा (जि. यवतमाळ)