बांधावरचा सवाल

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

जपानी कविता म्हटली की तू हायकूपाशी थांबतोस. पण हायकू हे त्या घरातलं शेंडेफळ. त्याच्या कितीतरी आधीच्या, आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या संग्रहात 'सेदोका' नावाचा प्रकार आहे आणि सध्या मी त्याच्या नादी लागलोय.

मांडणी सोपी आहे. पाच, सात, सात उच्चार. पुन्हा पाच, सात, सात. कित्येकदा पहिल्या तीन ओळींत एकजण विचारतो आणि पुढच्या तिनांत दुसरा उत्तर देतो. तमाशातला सवाल-जवाब आठवेल तुला, फक्त इथे कुणी कुणाला हरवत नाही. (सगळे सेदोका असे नसतात, पण मला आवडतात ते हेच.)

एक ऐक. सुमिनोए म्हणजे आजच्या ओसाकातलं सुमियोशी. तिथे एक तरुण भात कापतोय. कुणीतरी हटकतं:

सुमिनोए नो
ओदा ओ कारासु को
यात्सुको कामो नाकी

'सुमिनोएच्या शेतात राबणाऱ्या पोरा, घरी गडी नाहीत का रे?' तो म्हणतो, 'आहेत की! पण हे शेत तिच्यासाठी, म्हणून मीच कापतोय.' संपलं. ती कोण, हे सांगायच्या भानगडीत कवी पडतच नाही.

मान्योशूत साडेचार हजारांच्या आसपास कविता, त्यांत सेदोका 62. पुढे 905 च्या सुमाराच्या 'कोकिनशू' या संग्रहात फक्त 4. टांका या पाच ओळींच्या कवितेनं सगळी जागा घेतली. सवालाला एक टांका, जवाबाला दुसरा. मग एकाच कवितेत दोघांनी दाटीवाटीनं कशाला राहायचं?

त्या चारांतली एक जोडी मात्र झकास आहे. एकजण विचारतो, 'अहो पलीकडचे, तुमच्याजवळ ते पांढरं फुललंय, ते कुठलं फूल?' जवाब येतो: 'वसंतात माळावर सगळ्यांत आधी फुलणारं, कितीही पाहिलं तरी मन न भरणारं. पण नाव काय फुकटात सांगायचं?'

शंभरेक वर्षांनी मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीत तिचा नायक गेंजी एका साध्याशा घराच्या कुंपणावर पांढरी फुलं बघतो आणि या सवालातलेच शब्द पुटपुटतो. सोबतचा सेवक बक्षीस वगैरे न मागता सांगून टाकतो: युगाओ. म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचा वेल! एवढ्या नाजूक प्रेमकथेची सुरुवात दुधीच्या फुलानं, हे वहिनींना जरूर सांग.

तुझ्याकडे गेंजीचा अनुवाद होता ना? दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये.

तुझा,
मिलिंद