मृदुलास पत्र : पार्सलसोबत

सोलापूर

चि. मृदुला हिस अनेक आशीर्वाद.

हुतात्मा एक्स्प्रेस हलण्यापूर्वी तू जे बोललीस त्याचा राग मी धरलेला नाही. "कामाचा डोंगर साचलाय बाबा, तो काय सुईदोऱ्याने उपसायचा?" असे तू विचारलेस आणि फलाटावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या झोपेविषयी यात एक शब्दही काढायचा नाही, असे मी तुझ्या आईला कबूल केले आहे.

गड्ड्याच्या यात्रेसाठी म्हणून तू आलीस आणि होम मैदानाकडे फिरकलीदेखील नाहीस. नंदीध्वज निघाले तेव्हाही पांघरूण घेऊन आतच पडून होतीस. मात्र किंक्रांतीच्या दुपारी तू आजीने अर्धवट ठेवलेल्या गोधडीपाशी बसलीस, ते मी पाहत होतो. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर आत्याच्या परकराचे तुकडे आणि कडेकडेने आत वळत जाणारा धावदोरा. तुझी पहिली ओळ वेडीवाकडी गेली, तरी आजीने चकार शब्द काढला नाही. कोपरा वळून दुसऱ्या बाजूला लागलीस तेव्हा टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे पडू लागले, कपाळावरची आठी गेली, आणि शेजारच्या खोलीत मोबाईल वाजून वाजून थांबला तरी तू उठली नाहीस. त्या रात्री तुझ्या खोलीतला दिवा लवकर मालवला होता. (हे मी झोपेविषयी नव्हे, दिव्याविषयी लिहीत आहे.)

तू पुराव्यावाचून काही मानत नाहीस, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. म्हणून वाचनालयात बसून थोडे वाचले. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 39 प्रौढांना माती, रंगीत पेने आणि कागदाचे तुकडे देऊन 45 मिनिटे हवे ते करू दिले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे द्रव्य, मोजले. सुमारे पाऊणशे टक्के लोकांमध्ये ते घटले, आणि पूर्वी कधी कला केली होती की नाही, याने फरक पडला नाही. उरलेल्यांमध्ये ते घटले नाही, शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगतो, नाहीतर तूच माझी चूक काढशील. इंग्लंडमधील सात हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून 2024 साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कला वा हस्तकला करणारे लोक अधिक समाधानी आढळले, आणि आपले जगणे सार्थ आहे ही भावना तर नोकरी असण्यापेक्षाही हस्तकलेशी अधिक जोडलेली दिसली. यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्यातली एक गोष्ट मला बोचली. एकटेपणा मात्र त्याने कमी झालेला दिसला नाही. तेव्हा कोथरूडला आत्याकडे रविवारी जात जा. खोलीत एकटीने टाके घालून सगळे निभेल, असे मी म्हणत नाही.

हा उपदेश झाला. क्षमा कर. आजोबांचे सांगायचे होते, ते राहूनच चालले होते.

गिरणी बंद पडल्यावरही ते पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसत. भोंगा वाजत नसे आणि ते अंधारात तसेच बसून राहत. (तूही पहाटे तीनला जागी असतेस, असे तुझी आई म्हणते. मी विचारलेले नाही.) पुढे शेजारच्या म्हातारीने तिची सैल झालेली बाज विणून मागितली. सुंभ भिजवायचे, दोन पदर वर आणि दोन पदर खाली घेत तिरके ओढायचे, दर ओळीला गुडघा टेकून ताण द्यायचा आणि चौकट नीट जुळली नाही तर उसवून पुन्हा विणायचे. त्या दिवसांत त्यांच्याजवळ कोणी गेले तर ते मान वर न करता "थांब, ही ओळ होऊ दे" म्हणत. गेलेला पगार त्याने भरून निघाला नाही, घरात ओढाताण होतीच, पण कडक भाकरीबरोबर ते पुन्हा शेंगाचटणी मागून घेऊ लागले. मला वाटते, हात पुढच्या ओळीत गुंतले की मनाला मागचे चघळायला सवड उरत नाही, आणि संध्याकाळी काहीतरी वाढलेले डोळ्यांना दिसते. तुझ्या कामात दिवसाअखेरी असे काय दिसते, हे मला समजत नाही. तूच सांग.

एक गोष्ट मात्र अनुभवाने सांगतो. मी आयुष्यभर चादरींच्या नक्ष्या आलेख-कागदावर काढल्या. त्या चौकटींवरून नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाची कार्डे टोचली जात आणि छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई. लोक म्हणत, काय छान काम आहे. पण मालक उंबऱ्यात उभा असताना काढलेल्या मोराने मला कधी विरंगुळा दिला नाही. तो मिळे दिवाळीत कामट्या तासून आकाशकंदील करताना, जेव्हा तू खळीची वाटी धरून बसत असस. म्हणून गोधडीचे फोटो टाकून मागणी घेऊ नकोस. तू काहीही हाती घेतलेस की त्यात पहिली यायला बघतेस. शाळेपासूनचा तुझा तो स्वभाव आम्हाला मिरवायला आवडला, आणि आता त्याचीच भीती वाटते.

पार्सलमध्ये गोधडीचा उरलेला चौकोन, आजीचे अंगुस्तान, जाड सुया, मेण लावलेला दोरा आणि शेंगाचटणी आहे. चटणी वेगळ्या पिशवीत आहे, कापडाला तेल लागू देऊ नकोस. डब्याच्या झाकणावर 14416 हा क्रमांक लिहिला आहे. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन विनामूल्य लागतो आणि मराठीत बोलता येते. सुई हातात धरवत नाही इतके जड वाटले तर तेथे बोल, डॉक्टरकडे जा आणि आम्हालाही कळव. मी पहिल्या गाडीने येईन. दोऱ्याने सगळे भागते, असे समजण्याइतका मी भाबडा नाही.

पार्सल पोहोचल्याचे कळव. फोन केव्हाही कर, पण रात्री अकरानंतर नको. त्या वेळी तू झोपलेली असावीस, एवढे एकदाच लिहितो.

तुझे,
बाबा