वास येतोय म्हणून क्लोरीन कमी करू नका

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

पोहण्याच्या तलावाच्या पाण्याला उग्र वास येतो, मुलांचे डोळे चुरचुरतात, तर क्लोरीन कमी करू का, असं वहिनींनी विचारलंय. न मोजता मुळीच करू नका. घाम आणि लघवीतल्या नत्राशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतं. वास बहुधा त्याचाच असतो आणि डोळ्यांना झोंबतं तेही तेच. म्हणजे बऱ्याचदा क्लोरीन कमीच पडलेलं असतं.

क्लोरीन मोजायचं डीपीडी गोळ्यांचं किट आणा; त्यातली गोळी टाकली की क्लोरीनमुळे नमुना गुलाबी होतो. पाणी कोपरभर खोलीवरून घ्या, स्वच्छ पाणी आत सोडणाऱ्या नळीजवळचं नको. १ नंबरच्या गोळीनं मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, कळतं; किटच्या त्याच नळीत ३ नंबरची टाकली की एकूण. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवं, पाण्यात स्टॅबिलायझर (खाली सांगितलेलं सायन्युरिक आम्ल) असेल तर किमान २. दोन आकड्यांतला फरक म्हणजे क्लोरामाइन; तो ०.४ च्या वर गेला, तर त्या फरकाच्या दसपट पीपीएम क्लोरीन संध्याकाळी एकदम घाला, पंप चालू ठेवा आणि मुक्त क्लोरीन ३ वर उतरेपर्यंत कुणालाही पाण्यात सोडू नका. एक सांभाळा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उडून जातो आणि किट शून्य दाखवतं. तो शून्य खरा समजून लोक आणखी ओततात. शंका आली तर नमुन्यात निम्मं क्लोरीनविरहित पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि आकडा दुप्पट करा.

१०,००० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर १५ ग्रॅम लागते, किंवा १० टक्क्यांचं द्रव क्लोरीन १०० मिली. द्रव जुनं झालं की त्याचा जोर उतरतो.

पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.६ ठेवा. ८ ला गेला की मुक्त क्लोरीनपैकी जेमतेम पाव भाग जंतू मारायच्या कामाचा उरतो.

तरंगत्या डब्यातल्या, हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या ट्रायक्लोर गोळ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांतलं सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण पाण्याची वाफ झाली तरी ते मागे राहतं आणि साठत जातं. ३० ते ५० पीपीएम ठीक. १०० वर गेलं की क्लोरीन २ दिसत असूनही पाणी शेवाळतं. मग थोडं पाणी काढून ताजं भरणं हाच उपाय.

ट्रायक्लोर गोळ्या आणि हायपोक्लोराइट पावडर एका भांड्यात किंवा एका चमच्यानं कधीही हाताळू नका, आग लागते. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू निघतो. पावडर बादलीतल्या पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.

मुक्त, एकूण, पीएच आणि सायन्युरिक आम्ल हे चार आकडे आणि तलावाची लांबी, रुंदी, सरासरी खोली मीटरमध्ये कळवा, नेमकी मात्रा काढून पाठवतो. तोवर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

तुमचा,
धाकटा