दहा वर्षांचा करार, सहा महिन्यांची सवलत: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार
यांस स.न.वि.वि.

मी बॅलार्ड इस्टेटमध्ये क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात काम करतो. आमचा माल न्हावा शेव्यातून जातो आणि अमेरिकेचं मन बदललं की आमच्याकडे आधी जहाजाचं भाडं बदलतं.

2016 मध्ये तेहरानला इराणच्या चाबहार बंदराचा भारत-इराण-अफगाणिस्तान असा त्रिपक्षीय करार झाला तेव्हा आपणच परराष्ट्र सचिव होतात. 2018 मध्ये वॉशिंग्टनने इराणवर निर्बंध लादले, पण चाबहारला सूट दिली. तेव्हा त्यांना अफगाणिस्तान उभा करायचा होता आणि तिथे माल न्यायची एक वाट या बंदरातून जाते. 2021 मध्ये ते काबूल सोडून गेले. मे 2024 मध्ये भारताने या बंदरातला टर्मिनल चालवण्याचा दहा वर्षांचा करार केला आणि सप्टेंबर 2025 मध्ये सूट रद्द झाली. मग ऑक्टोबरअखेर मिळाली ती सहा महिन्यांची सवलत. करार आपला, मुदत त्यांची!

तांबड्या समुद्रातही तेच. तिथे येमेनचे हुथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने नौदलांची आघाडी उभारली ती सगळ्यांच्या जहाजांसाठी. मे 2025 मध्ये ओमानच्या मध्यस्थीने हुथींशी समझोता केला तो स्वतःच्या जहाजांपुरता. जुलैत ‘मॅजिक सीज’ आणि ‘एटर्निटी सी’ ही मालवाहू जहाजं हुथींच्या हल्ल्यात बुडाली.

याचा भुर्दंड कुणाला, ते द्राक्षांच्या हंगामात दिसतं. नाशिकचा माल रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवून रॉटरडॅमला जातो. तांबड्या समुद्रातल्या धोक्यामुळे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा पडला की दहा-पंधरा दिवस वाढतात. मणी टणक असले तरी देठ सुकून तपकिरी पडतो, आणि तिकडचा खरेदीदार आधी देठच बघतो. भाव पडतो, विमा आणि भाडं चढतं, आणि सगळी कपात शेवटी बागायतदाराच्या पट्टीत.

वॉशिंग्टनशी भांडा, असं मी म्हणत नाही (तिथेही आमचा माल जातोच). पण एप्रिल 2024 मध्ये न्हावा शेव्याकडे येणारं ‘एमएससी एरीज’ हे जहाज इराणने पकडलं, त्यावर 17 भारतीय होते. तेव्हा आपण थेट इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोललात आणि ती माणसं टप्प्याटप्प्याने सुटली. ते बोलणं वॉशिंग्टनमार्गे झालं नव्हतं. तो थेट संबंध कुणाच्या सवलतीवर टांगता ठेवू नका.

दोन गोष्टी संसदेत लेखी सांगाव्यात. चाबहारची सवलत संपल्यावर तिथला आपला टर्मिनल कोण आणि कशाच्या जोरावर चालवणार? आणि अमेरिकेने पुढचा समझोता पुन्हा स्वतःपुरता केला, तर भारतीय खलाशी आणि भारतीय माल यांच्यासाठी त्या समुद्रात आपलं सरकार कुणाशी बोलणार?

आपला,
मुंबईतला एक क्लिअरिंगवाला